विसरविद्या

१

१९९६ साली आम्ही तिघं कराडला, विद्यानगरात एका खोलीत राहायचो. इंजिनिअरिंगचं तिसरं वर्ष. खोली पहिल्या मजल्यावर होती, बाहेरून लोखंडी जिना आणि वर पत्रा. मी आष्ट्याचा, कपिल पाटणचा, विश्वजित सांगलीचा. आठवडाभर कॉलेज आणि रविवारी दुपारी जेवण झालं की खेळ.

खेळ विश्वजितच्या मावसभावाने बंगलोरहून पाठवला होता, म्हणजे एका इंग्रजी पुस्तकाची झेरॉक्स. त्यात पट नव्हता, पत्ते नव्हते. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि पुढे काय घडणार अशी अडचण आली की फासे टाकायचे. झेरॉक्सची निम्मी पानं काळी आली होती. तेवढे नियम आम्ही आमचे बनवले, मराठीत. फासे विश्वजितने वर्कशॉपमध्ये नायलॉनच्या दांड्यातून कापून, घासून तयार केले. स्टीलच्या वाटीत ते खुळखुळवायचे आणि चटईवर टाकायचे. गोष्ट सांगणारा मी. कपिल सैनिक, विश्वजित चोर.

खरं सांगायचं तर मला खेळण्यापेक्षा नियम करण्यात जास्त गोडी होती. त्यातही जादूगारांच्या निषिद्ध विद्या. झेरॉक्समधले जादूगार आगीचे गोळे फेकायचे, गायब व्हायचे. मला ते बाळबोध वाटायचं. एखादी विद्या निषिद्ध का ठरावी? समोरचा मरतो म्हणून नव्हे, करणाऱ्याला थांबता येत नाही म्हणून. त्यामुळे प्रत्येक विद्येला मी दोन बाजू दिल्या. ती काय देते, आणि काय घेते. घेते ते असं हवं, की फासे हातात असताना खेळाडूने क्षणभर थांबून विचार करावा.

दोनशे पानी वहीत अशा तीन विद्या मी पक्क्या केल्या होत्या. अस्थिविद्येचा जादूगार दुसऱ्याचं मोडलेलं हाड सांधायचा, पण त्याचं स्वतःचं तेच हाड ठिसूळ व्हायचं. उसनविद्येत दुसऱ्याचे डोळे आणि कान तासभर वापरता यायचे, परत करताना आपल्या नजरेतलं थोडं सोबत द्यावं लागायचं. तिसरी विसरविद्या. समोरच्याच्या मनातून हवी ती गोष्ट पुसता येते. त्याबदल्यात दर वेळी जादूगाराला ओळखणारं एक माणूस त्याला कायमचं विसरतं.

ही तिसरी मला स्वतःला फार आवडली होती. सप्टेंबरातल्या पहिल्या रविवारी मी ती दोघांना वाचून दाखवली. कपिल भिंतीला टेकून ऐकत होता.

"लय भारी हाय," तो म्हणाला. "पर राजा, आपल्यात जादूगार कोण हाय?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. नाव जिभेवर असल्यासारखं वाटलं. आणि तिथे काहीच नव्हतं.

२

आमच्या घरात भूत, भानामती, करणी या शब्दांना जागा नव्हती. वडील, आप्पासाहेब, शाळामास्तर. कुणी अंगात आलं म्हणून घुमायला लागलं तर ते पाणी प्यायला द्यायचे आणि जवळ बसून शांतपणे विचारपूस करायचे. मी त्यांचा मुलगा. त्यामुळे मी आधी साधं कारण शोधलं. पुढे कधीतरी गोष्टीत दुष्ट जादूगार आणायचा असेल, म्हणून लिहिलं असेल. झालं.

पण एवढं? पहिल्या विद्येपासून तिसरीपर्यंत चाळीस पानं होती. पायऱ्या, मर्यादा, अपवाद. दुष्ट माणसाला इतके नियम लागत नाहीत, त्याला मी हवं ते करायला लावू शकतो. नियम लागतात ते खेळाडूला.

सोमवारी कॉलेजला दांडी मारून मी वही पहिल्या पानापासून वाचली. माझं अक्षर निळ्या शाईचं, उभं. समासात मात्र पेन्सिलने दुसरं अक्षर होतं. बारीक, उजवीकडे कललेलं, जपून लिहिलेलं.

'दिवसातून तीनदा चालेल का?' आणि खाली माझ्या शाईत, 'नाही. एकदाच.'

'झोपलेल्या माणसावर चालते का?' 'चालते.'

'कोण विसरणार ते जादूगाराने निवडायचं का?' 'हो. ते जास्त वाईट.'

पानामागून पान असंच चाललं होतं. कुणीतरी माझ्याशी घासाघीस करत होतं, आणि मी रंगात येऊन उत्तरं देत होतो. विसरविद्येच्या शेवटच्या पानावर एकच प्रश्न होता.

'सगळे संपून शून्य झाल्यावर काय?'

खाली माझं अक्षर. 'ठरवू.'

संध्याकाळी मी दोघांकडून तोच प्रश्न कागदावर लिहून घेतला. कपिलचं अक्षर कोंबडीच्या पायांचं. विश्वजित अक्षरं तोडून लिहायचा. समासातलं अक्षर दोघांचंही नव्हतं.

"कुणीतरी ज्युनिअर येऊन लिवून गेला असंल," कपिल म्हणाला.

"मग मी उत्तरं कुणाला दिली?"

कपिलने खांदे उडवले. पण वही परत देताना त्याने ती दोन बोटांनी धरली होती.

३

आमचे जेवणाचे डबे एसटीने यायचे. आई पहाटे डबा भरून गावच्या स्टँडवर कंडक्टरकडे द्यायची, कराडला अकरा वाजता आमच्यापैकी कुणीतरी जाऊन घ्यायचं. त्या आठवड्यात पाळी माझी होती. मंगळवारी मी डबे घेतले, जिना चढून वर आलो आणि चटईवर ते मांडताना पहिल्यांदा मोजले.

चार.

आष्ट्याचा माझा, पाटणचा कपिलचा, सांगलीचा विश्वजितचा. चौथा जुन्या लुगड्याच्या पिशवीत होता. आत बाजरीच्या भाकरी, हुलग्याची उसळ आणि खर्डा. आमच्यापैकी कुणाच्याच घरी रोज बाजरी होत नाही. कपिलकडे भात आणि नाचणी, आमच्याकडे ज्वारी.

"ह्यो कुणाचा?" मी विचारलं.

विश्वजितचा हात भाकरीकडे गेला होता, तो तिथेच थांबला. "रोज खातोय की आपण," तो म्हणाला. "मला वाटलं तुझ्या पाहुण्यांकडनं येतोय."

"मला वाटलं तुझ्याकडनं."

कधीपासून खातोय, हे तिघांनाही सांगता येईना. त्या दिवशी चौथा डबा कुणी उघडा ठेवला नाही. झाकण लावून खिडकीत ठेवला आणि आम्ही खाली बघत जेवलो.

बुधवारी मी स्टँडवर थांबलो. मायणीकडून विट्यामार्गे येणाऱ्या गाडीच्या कंडक्टरने ती पिशवी माझ्या हातात दिली. कृष्णात त्याचं नाव, खिशावरच्या पट्टीवर होतं.

"भाऊ, हा डबा कुणाच्या नावावर येतो?"

"नाव कुठलं? विद्यानगर, पत्र्याची खोली. दोन वर्सं झाली, तुमीच नेताय."

"देतं कोण?"

"शेंडगेवाडीच्या फाट्यावर एक बाई असत्यात. तानुबाई." त्याने घंटीची दोरी हातात धरली. "पयलं एक पोरगं असायचं वाटतं त्यांच्याबरूबर. का न्हवतं... ध्यानात न्हाई गड्या."

४

शुक्रवारी मला वहीच्या मागच्या पुठ्ठ्याला चिकटवलेल्या खाकी कव्हरात एक घडी केलेला फुलस्केप सापडला. प्रत्येक खेळाडूसाठी आम्ही असं पत्रक करायचो. त्यावर गोष्टीतल्या माणसाचं नाव, बळ, शस्त्रं. हे पत्रक जादूगाराचं होतं. वर खेळाडूचं नाव लिहायची जागा खोडरबराने इतकी घासली होती की कागद तिथे पारदर्शक झाला होता.

खाली, त्याच बारीक पेन्सिलीत, 'ओळखणारे' असं शीर्षक आणि एक यादी. शाळेचे मास्तर. चुलता. बहीण. वडील. कपिल. विश्वजित. राजरत्न. आई. प्रत्येक नावावर रेघ, आणि रेघेपुढे रविवारची तारीख. कपिल, १४ जुलै. विश्वजित, ४ ऑगस्ट. राजरत्न, म्हणजे मी, १८ ऑगस्ट. आईच्या नावावरची रेघ फिकट होती, जेमतेम पाऊण आलेली. तिच्यापुढे तारीख नव्हती.

मी मोठ्याने वाचून दाखवलं. विश्वजितचा चेहरा उतरला.

"चौदा जुलैला आपण किल्ल्याच्या दारात सापडलो होतो," तो म्हणाला. "पहारेकऱ्यानं कपिलच्या गळ्याला भाला लावलेला. आणि मग तो आपल्याला बघितलेलंच विसरला."

मला आठवत होतं. पहारेकरी बोलता बोलता थांबला, भाला खाली करून कोपऱ्यात बसला, हे वर्णन मीच केलं होतं. चार ऑगस्टला विहिरीतल्या जनावराने विश्वजितला धरलं आणि ते भुकेलं आहे हेच विसरलं. अठराला तर गोष्टीतली दोघंही मरणार होती. प्रत्येक वेळी आम्ही वाचलो होतो. कुणी वाचवलं, हे मात्र तिघांनाही सांगता आलं नाही.

"खेळातला हिशेब हाय ह्यो," कपिल म्हणाला. त्याचा आवाज चढला होता. "कागदावर रेघ मारली म्हणून माणूस पुसतंय व्हय? आपण इंजिनिअर हुणार हाय."

"मग कोण होता तो?" मी विचारलं.

"कुणी न्हवता."

असं म्हणून तो चटईवर बसला. आम्हीही बसलो, नेहमीच्या जागी. आणि त्या वेळी मला आमची बसायची रीत दिसली. चौकोनी चटई. कपिल दाराकडे, विश्वजित भिंतीकडे, मी कपाटापाशी. खिडकीखालची बाजू मोकळी. तिघं माणसं बसताना गोल करतात, पाय पसरतात. आम्ही त्या बाजूला गुडघासुद्धा जाऊ देत नव्हतो.

"सरक जरा तिकडं," मी कपिलला म्हणालो.

त्याने त्या मोकळ्या जागेकडे पाहिलं. सरकला नाही.

५

शनिवारी सकाळच्या गाडीने मी शेंडगेवाडीला गेलो. रिकामा डबा परत करायचा, एवढंच कारण मी स्वतःला दिलं होतं. बाई वयस्कर असतील, काही गोंधळ असेल, दोन शब्द बोलून मिटेल.

फाट्यापासून दीड मैल चालत गेलो. माळ, बाभळी, वाडीच्या टोकाला मेंढरांचं रिकामं वाडगं आणि त्याला लागून दोन खोल्यांचं घर. तानुबाई दारातच बसल्या होत्या. पन्नाशीच्या असतील. माझ्या हातातली पिशवी त्यांनी ओळखली आणि त्या उठून उभ्या राहिल्या. माझ्या तोंडाकडे इतक्या आशेने बघितलं की मला नजर खाली करावी लागली.

"तू त्योच का रं?" त्यांनी विचारलं.

"तोच म्हणजे कोण, मावशी?"

"ते न्हाई सांगता येत." त्या परत बसल्या. "ये, बस. उनातनं आलायस."

त्यांना एक मुलगी, विट्याला दिलेली. दुसरं मूल नाही, असं त्यांनी सांगितलं. मालक मेंढरं घेऊन रानात होते.

"मग मावशी, रोज डबा कुणासाठी पाठवता?"

त्या पायाच्या बोटातलं जोडवं फिरवत राहिल्या. "पाटं जाग येती बग. हात चुलीकडं जात्यात. भाकरी हुत्यात, डबा भरतूया, मी फाट्यावर जाती. मालक म्हणत्यात, येडी झालीस. असंल बी. पर न्हाई पाठवला तर जेवण उतरत न्हाई घशाखाली."

भिंतीला पांढरा चुना होता, यंदाचाच. मधे खिडकीजवळ मात्र हातभर चौकोन जुन्या मातकट रंगाचा राहिला होता. त्यावर कोळशाने बारीक अक्षरात काही लिहिलं होतं, उजवीकडे कललेलं. जवळ जाऊन पाहिलं. दहावीची त्रिकोणमितीची सूत्रं.

"ते पुसलं न्हाई," तानुबाई मागून म्हणाल्या. "चुना मारताना दर साली तेवढी जागा सोडती. मला वाचता येत न्हाई. कसली नक्षी हाय ती?"

"अभ्यास आहे, मावशी."

"कुणाचा?"

त्याच वेळी आतल्या खोलीतून आवाज आला. माणूस काही बोलण्याआधी घसा साफ करतो तसा. एकदाच, दबकून.

"आत कोण आहे?"

"कुणी न्हाई. वारं असंल."

बाहेर बाभळीचं पानही हलत नव्हतं. तानुबाईंनी जेवायला वाढलं. ताटल्या तीन मांडल्या, तिसरीत भाकरी ठेवली आणि मग तिच्याकडे बघत राहिल्या. "दोगंच हाय की आपण," असं स्वतःशीच म्हणून त्यांनी ती उचलली, आतल्या खोलीच्या उंबऱ्याच्या आत ठेवली आणि माझ्यासमोर येऊन बसल्या. आपण काय केलं, हे त्यांच्या लक्षातही आलं नव्हतं.

निघताना मी पाणी प्यायच्या निमित्ताने त्या उंबऱ्यापाशी गेलो. आत अंधूक होतं. जातं, दोन पोती, आणि भिंतीशी चार घड्या केलेलं काळं घोंगडं. घोंगड्याच्या मधोमध खळगा होता. मी बघत असताना तो हळूहळू भरून वर आला, जसा कुणी उठल्यावर येतो.

उंबऱ्याच्या आतली भाकरी तशीच होती. कुणी तिला हात लावला नव्हता.

६

परत आलो तेव्हा चार वाजले होते. झालेलं सगळं दोघांना सांगितलं. कपिल या वेळी रागावला नाही.

"तू लिवलंयस," तो म्हणाला. "तूच मोड."

मी वही उघडली. 'शून्य झाल्यावर काय?' या प्रश्नाखाली माझं ते 'ठरवू' तसंच होतं. मी त्याचं उत्तर द्यायचं ठेवून दिलं होतं, आणि तो माणूस उत्तराशिवाय पुढे गेला होता. आमच्यासाठी गेला होता. हे खरं असेल तर माझ्या हातून एक माणूस मधल्या मधे अडकला होता. खोटं असेल तर दोन ओळी लिहिण्याने काही बिघडणार नव्हतं. मी असा विचार केला. दुसऱ्या दिवशी रविवार होता.

बराच वेळ शब्द जुळेनात. शेवटी लिहिलं, 'शून्य झालं तरी ती जागा रिकामी राहत नाही. पंगतीत, खोलीत, ओळखणाऱ्यांच्या मनात ती पुन्हा भरून येते.'

कपिल खांद्यावरून वाचत होता. "जागा काय लिवतोस? तो परत येतो असं लिव."

"तो म्हणजे कोण? नाव काय लिहू?"

कपिलला नाव माहीत नव्हतं. विश्वजितला नव्हतं. नावाशिवाय मला फक्त जागाच लिहिता येत होती. मी ओळीखाली रेघ मारली आणि वही मिटली.

७

रविवारी अकराला स्टँडवर गेलो. मायणीची गाडी आली, कृष्णात खाली उतरला, पण त्याच्याकडे पिशवी नव्हती.

"शेंडगेवाडीचा डबा?"

"आज बाई आल्याच न्हाईत फाट्यावर."

मी तीन डबे घेऊन परत आलो. जिन्याच्या निम्म्यावर असताना वर फासे पडल्याचा आवाज आला. पाठोपाठ हसण्याचा. कपिलचं हसणं मी ओळखलं, विश्वजितचं ओळखलं. तिसरंही ओळखलं.

खिडकीखालच्या बाजूला ज्योतिबा बसला होता.

तो ज्योतिबा आहे हे मला माहीत होतं. पहिल्या वर्षी सीनिअर्सनी आम्हा दोघांना एकाच बाकावर उभं केलं होतं, तिथपासूनची ओळख. सर्व्हेच्या प्रॅक्टिकलला त्याने माझी आकडेमोड करून दिली होती. खेळात तो जादूगार. हे सगळं मला स्वच्छ आठवत होतं, आणि काल संध्याकाळपर्यंत यातलं काही नव्हतं हेही तितकंच आठवत होतं. कपिल आणि विश्वजितला दुसरी आठवण राहिली नव्हती. मी चौथ्या डब्याचा विषय काढला, तर विश्वजित म्हणाला, "कसला चौथा? ज्योत्या मेसला जेवतो की."

"तू शेंडगेवाडीचा ना?" मी ज्योतिबाला विचारलं.

"मग काय," तो हसून म्हणाला.

तो चांगला होता, हे मला सांगितलंच पाहिजे. कुणाचं वाईट बोलायचा नाही, कपिलला गणित शिकवायचा. पण फासे टाकताना तो कधी थांबायचा नाही. वाटी हातात आली की टाकून मोकळा. आणि पत्रकावर वर आता ठळक काळ्या शाईत 'ज्योतिबा' असं नाव होतं, मोठ्या गोल अक्षरात. समासातली पेन्सिल जशीच्या तशी होती. बारीक, कललेली. मी एकदा ती दोन्ही अक्षरं शेजारी ठेवून त्याला दाखवली.

"माझंच हाय," तो म्हणाला. "तवा घाईत होतो."

ती पेन्सिल घाईत लिहिलेली नव्हती. मी वाद घातला नाही. एक माणूस परत आला होता. मला हवं होतं तेच झालं होतं, असं मी रोज सकाळी स्वतःला सांगत होतो. तरी झोपताना माझी कॉट मी दाराजवळ ओढून घेतली होती.

पंधरा दिवसांनी मी कृष्णातबरोबर तानुबाईंना निरोप धाडला. तुमचा मुलगा इथे आहे, येत्या रविवारी या.

८

त्या बाराच्या सुमाराला आल्या. जिना सावकाश चढल्या, दारात थांबल्या. ज्योतिबा लगबगीने उठला. त्यांच्या पाया पडला, म्हणाला, "आई, कशाला आलीस उनाची?" कपिलने त्यांना पाणी दिलं.

तानुबाईंनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. तोंडावरून फिरवला. हनुवटी धरून त्याचं तोंड उजेडाकडे केलं आणि पाहिलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. शेंडगेवाडीला माझ्याकडे पाहताना त्यांच्या डोळ्यांत जे आलं होतं ते आता आलं नाही.

"सुकी ऱ्हावा, बाळा," त्या म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "जरा भाईर येतोस?"

आम्ही जिन्याच्या वरच्या पायरीवर उभे राहिलो. त्यांनी माझा दंड धरला.

"पोरगं ग्वाड हाय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पर ह्ये माजं न्हवं."

"मावशी, तुम्ही तर म्हणाला होतात, तुम्हाला मुलगाच नाही."

"आठवत न्हाई मला. आजून बी न्हाई. पर हाताला कळतंय की." त्यांनी स्वतःच्या तळव्याकडे पाहिलं. "माजं घरात हाय. आतल्या खोलीत. तू येऊन गेलास ना, त्याच्या दुसऱ्या दिशी सकाळी ताटलीतली भाकरी मोडलेली दिसली. आता रोज खातंय. म्हून डबा बंद केला मी."

"दिसतो का?"

"न्हाई."

"बोलतो?"

"बोलाय बगतंय. आवाज न्हाई निगत." त्यांचे डोळे भरले होते, पण आवाज साधा होता. "लय भ्यालंय बग ते. मी आज येणार म्हटल्यावर रातभर माज्या पदराचं टोक धरून हुतं. सोडंना. ह्या खोलीवर जाऊ नगं, असंच जणू म्हणत हुतं."

मी त्यांना थांबायचा आग्रह केला, जेवून जा म्हणालो. त्या नाही म्हणाल्या. दीडची गाडी गाठायची होती, घरी तो एकटा होता.

"तू बी हितं ऱ्हाऊ नगंस," असं म्हणून त्या जिना उतरल्या. कोपऱ्यावर वळेपर्यंत त्यांनी मागे पाहिलं नाही.

मी पायरीवर उभा होतो. खाली जायला वाट मोकळी होती. आष्ट्याची गाडीही होती. पण आत कपिल होता, विश्वजित होता, आणि ती ओळ माझ्या हातची होती. मी आत आलो.

तिघं चटईवर बसले होते. ज्योतिबाने माझी वही उघडून माझ्या जागेपुढे ठेवली होती, कोऱ्या पानावर, मधे पेन.

"गेली का आई?" त्याने विचारलं.

"गेल्या."

"बरं झालं. बस. मला नवी विद्या पायजे, राजा. ह्या तिन्ही जुन्या झाल्या." तो नेहमीसारखाच मोकळं हसला. "एकदम जबरी कर. फक्त किंमत मी भरणार न्हाई, अशी लिव."

"किंमत असतेच," मी म्हणालो. "तू नाही तर कुणी भरायची?"

ज्योतिबाने कपिलकडे पाहिलं. मग विश्वजितकडे. दोघं खाली वाकून फासे वाटीत गोळा करत होते. त्यांनी मान वर केली नाही.